मर लागलेल्या परसात टोमॅटो: वांग्यावर बांधलेल्या कलमांचा पहिला हंगाम

तीन वर्षांत आमच्या परसात टोमॅटोची चोवीस झाडं मेली. सगळी एकाच पद्धतीने गेली. झाड कमरेएवढं होतं, पहिली फुलं दिसतात आणि एका दुपारी शेंडा मान टाकतो. संध्याकाळी सावरतो. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, आणि चौथ्या दिवशी झाड उभ्याचं मरतं. पानं पिवळी पडत नाहीत, हिरवीच्या हिरवी लोंबतात. या रोगाला मर म्हणतात.

रत्नागिरीच्या बाजूला जांभ्याच्या लाल मातीत ज्यांनी टोमॅटो लावला असेल, त्यांच्या हे ओळखीचं असेल. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी पाणी वाढवलं आणि उरलेली झाडं आणखी लवकर गेली. मग पेल्याची परीक्षा केली, ती प्रत्येकाने करावी अशी आहे. मेलेल्या झाडाचं खोड बुडाजवळून कापायचं आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात कापलेलं टोक बुडवून धरायचं. दोन-चार मिनिटांत त्यातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरायला लागला की तो जिवाणूजन्य मर. रालस्टोनिया नावाचा जिवाणू मुळांवरच्या जखमांतून आत शिरतो आणि खोडातल्या पाण्याच्या नळ्या बंद करतो. जमीन ओली असते, झाड मात्र तहानेने मरतं. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. मिरची, वांगी, बटाटा, आलं या पिकांवरही तो जगतो. मी टोमॅटोनंतर त्याच वाफ्यात मिरची लावत होते, म्हणजे त्याची सोय मीच करत होते.

रोगाला दाद न देणाऱ्या जाती आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का आभा आणि अर्का आलोक या दोन जाती या मरीसाठी ओळखल्या जातात. अर्का रक्षक हा संकरित वाण तर मर, पानं आकसण्याचा विषाणू आणि लवकरचा करपा अशा तिन्ही रोगांना तोंड देतो. ज्यांना फक्त टोमॅटो हवे आहेत त्यांनी खुशाल तेच लावावेत. माझी अडचण वेगळी आहे. आत्याने दिलेलं गावठी बी माझ्याकडे आहे. फळ चपटं, खाचा पडलेलं, पातळ सालीचं आणि चांगलं आंबट. त्याच्या साराला जी चव येते ती बाजारच्या टोमॅटोला येत नाही. ते बी माझ्या हातून संपू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मार्ग घरातच सापडला. सासऱ्यांनी उभा जन्म हापूसची कलमं बांधली आहेत. टोमॅटो वांग्यावर बांधतात असं मी वाचलं होतं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने मरीसाठी आणि साचलेल्या पाण्यासाठी ईजी २०३ सारखी वांगी खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळांचं रोप, म्हणून सुचवली आहेत. मी हे बोलून दाखवलं तर सासरे म्हणाले, "अगं, कोय कलमात आपण काय करतो? पाचरच ना मारतो? इथे काडी कोवळी आहे, एवढाच फरक. ब्लेड नवं घे."

खुंटासाठी अर्का निधी या वांग्याचं बी आणलं. हे वांगं मरीला टिकतं. कुठलंही वांगं खुंट म्हणून चालत नाही, कारण साध्या वांग्यालाही मर लागते. वांगं उगवायला आणि जाड व्हायला जास्त दिवस घेतं, म्हणून ते २० सप्टेंबरला पेरलं आणि टोमॅटो १ ऑक्टोबरला. दोघांच्या काड्या एकाच जाडीच्या मिळाव्यात यासाठी हे अंतर. प्रत्यक्षात टोमॅटो पुढे पळाला. पुढच्या खेपेला पंधरा दिवसांचं अंतर ठेवणार आहे.

२२ ऑक्टोबर. पहिली दहा कलमं. वांग्याचं रोप दोन पानं ठेवून वरून आडवं छाटलं, मधोमध सेंटिमीटरभर उभी चीर दिली. टोमॅटोचा शेंडा कापला, मोठी पानं काढून टाकली, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली आणि चिरेत बसवली. धरून ठेवायला सिलिकॉनच्या क्लिपा मिळतात, पण मी सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती रबरी नळी, वालट्यूब, वापरली. सेंटिमीटरभर तुकडा कापून त्याला एका बाजूने उभा छेद द्यायचा. खोड जाड झालं की तो आपोआप उघडतो आणि गळून पडतो.

त्या दहांतली दोनच जगली. कारण मला उमजलं आहे. कलमं झाकणाच्या डब्यात ओल्या वाळूवर ठेवली होती आणि मी ती दिवसातून तीन-चार वेळा उघडून बघत होते. कापलेल्या शेंड्याला मूळ नाही, म्हणजे पाणी ओढायची सोय नाही. हवेत दमटपणा भरपूर असेल तरच तो सांधा जुळेपर्यंत तग धरतो. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती ओल निघून जाते.

२७ ऑक्टोबर. दुसरी बारा. डब्याच्या आतल्या बाजूंना पाणी फवारलं, झाकण लावलं, वर पोतं टाकलं आणि डबा पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तीन दिवस ठेवला. चौथ्या दिवसापासून पोतं काढून मंद उजेड दिला, सहाव्या दिवशी झाकण बोटभर सरकवलं, मग रोज थोडं थोडं जास्त. नऊ जगली.

१६ नोव्हेंबर. लागवड. हातात अकरा कलमं होती. सहा जमिनीत, त्याच जुन्या वाफ्यात, मुद्दाम. पाच ग्रो बॅगेत. शिवाय त्याच बियाची चार साधी रोपं, दोन जमिनीत आणि दोन बॅगेत. बॅगांमधलं मिश्रण पूर्ण नवं: कोकोपीट, जुनं शेणखत, नदीची वाळू, मूठभर निंबोळी पेंड. परसातली माती त्यात चमचाभरही नाही.

आता एक गोष्ट, जी साध्या टोमॅटोच्या उलटी आहे. टोमॅटोचं रोप खोल लावा म्हणजे खोडाला मुळं फुटतात, असं आपण एकमेकांना सांगतो आणि ते खरंही आहे. कलमाच्या बाबतीत तेच घातक ठरतं. सांधा मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. तो पुरला गेला की टोमॅटोच्या खोडाला स्वतःची मुळं फुटतात, ती मातीत शिरतात आणि वांग्याने अडवलेला रोग त्या आडवाटेने वर चढतो. हे मला माहीत होतं, तरी एक झाड गमावलं. डिसेंबरात पोफळीच्या आळ्यातला पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, आणून वाफ्यावर पसरला, त्यावर माती ओढली आणि कडेच्या एका झाडाचा सांधा झाकला गेला. ४ जानेवारीला त्याने मान टाकली. उपटून बघितलं तर सांध्याच्या वर बोटभर लांब पांढरी मुळं होती.

साध्या रोपांचा हिशेब असा: जमिनीतली दोन्ही गेली, एक १९ डिसेंबरला, दुसरं २ जानेवारीला. बॅगेतलं एक मस्त आहे. दुसरं २१ जानेवारीला गेलं आणि मी गोंधळले, कारण मिश्रण नवं होतं. बॅग उचलायला गेले तर ती जमिनीला धरून बसली होती. तळाच्या भोकांतून मुळं थेट परसाच्या मातीत उतरली होती. टिकलेली बॅग जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवलेली आहे. त्याच दिवशी सगळ्या बॅगा चिऱ्यांवर चढवल्या. तेव्हा तुमच्या मातीत मर असेल आणि कलमं बांधायला वेळ नसेल, तर नवं मिश्रण घाला आणि बॅग जमिनीपासून वर ठेवा, एवढ्यावरही काम भागतं.

फुलं १२ डिसेंबरच्या सुमाराला आली. टोमॅटोचं फूल स्वतःचंच परागीभवन करतं, पण पराग झडायला हलावं लागतं. मोठे काळे भुंगे फुलाला लटकून गुणगुणतात, त्या थरथरीने ते काम होतं. आमच्याकडे ते दुधी आणि पडवळाच्या मांडवावर जास्त रमतात, म्हणून मी सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान घोसाच्या देठाला हलकी टिचकी मारत फिरते.

बॅगांमध्ये वेगळंच दुखणं निघालं. जानेवारीच्या मध्याला हिरव्या फळांची बुडं काळी पडून चामड्यासारखी झाली. शेजारच्या काकूंनी चुन्याची निवळी घालायला सांगितली. त्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, कॅल्शियम कमी पडल्यानेच हे होतं. पण मिश्रणात ते असूनही फळापर्यंत पोचत नव्हतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. मी एक दिवसाआड भरपूर पाणी घालत होते आणि मधल्या दिवशी बॅग हलकी होऊन कोरडी पडत होती. १८ जानेवारीपासून सकाळी दोन लिटर, दुपारी चारला एक लिटर, आणि वर नारळाच्या सोडणांचा, म्हणजे काथ्याच्या सालींचा थर. त्यानंतर धरलेल्या फळांमध्ये एकाचंच बूड काळं निघालं. बॅगाही लहान पडल्या. बारा लिटरच्या आहेत, वीसच्या हव्यात.

पहिलं फळ २७ जानेवारीला पिकलं. १५ फेब्रुवारीपर्यंत जमिनीतल्या पाच कलमांनी ९ किलो ४०० ग्रॅम दिले, बॅगेतल्या पाचांनी ५ किलो १०० ग्रॅम. जमिनीतली झाडं अजून फुलतायत. खुंटाला वांग्याचे धुमारे फुटतात ते आठवड्याला खुडावे लागतात, नाहीतर टोमॅटो मागे पडतो. फळाच्या चवीत मला वांग्याचा काही फरक जाणवला नाही. सासऱ्यांनी साराची दुसरी वाटी मागून घेतली.

आता ऊन तापायला लागलंय, नवी फुलं गळतायत. दुपारपुरती हिरवी जाळी बांधली आहे. तिसऱ्या घोसातली पाच चांगली फळं दोरा बांधून बियांसाठी राखली आहेत. त्यांचा गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून बी डबीत भरेन. त्यातली एक पुडी आत्याकडे परत जाईल, तिच्याकडचं बी गेल्या पावसात बुरशीने गेलं.