पोतं काठोकाठ भरू नका

मी विद्यार्थिनी असताना एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, गेले ती दहा मार्कांसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण आता मीच आमच्या कॉलेजात कार्यक्रम अधिकारी आहे. नावनोंदणीला आलेल्या पोरांना "का आलात?" विचारलं की सगळे "समाजसेवेची आवड" म्हणतात. एखादाच मार्कांचं खरं कारण सांगतो. तो मला आवडतो.

वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली, तेव्हा पोरांनी गावाचं काम करता करता शिकावं अशी कल्पना होती. बिल्ल्यावर कोणार्कचं चाक आहे, त्याला आठ आरे. आठ प्रहर सेवेला तयार, असा अर्थ. प्रत्यक्षात आम्ही तास भरतो. रजिस्टरवर सही, रोपासोबत फोटो, अहवाल. एकाच खड्ड्यात लागोपाठ तीन वर्षं तीन रोपं लावलेली मी पाहिली आहेत. खड्डा मात्र दरवर्षी छान येतो.

अधिकारी म्हणून माझं पहिलं शिबिर डिसेंबरात होतं. काम ठरलं वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. पावसाळ्यानंतरची बारीक धार अडते, आजूबाजूच्या विहिरींना थोडा पाझर राहतो, गुरांची सोय होते. आम्ही पन्नास जण. पोरांनी पोती अशी गच्च भरली की दोघांना उचलवेना. चौथ्या दिवशी भिंत उभी राहिली, सरपंचांनी नारळ फोडला, फोटो झाले.

पाचव्या दिवशी प्रभातफेरीहून येताना ओढ्यावर गेलो. भिंत जागेवर होती. पाणी मात्र तिच्या खालून निवांत निघून चाललं होतं.

काठावर शेळ्या चारणारे एक आजोबा चारही दिवस आमचं काम बघत बसलेले. मी जरा चिडूनच म्हटलं, "आजोबा, चुकतंय हे दिसत होतं ना तुम्हाला? बोलायचं तरी."

"तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, काही हिशोब असंल."

मग त्यांनीच सांगितलं. पोतं काठोकाठ भरायचं नाही, पाऊणच भरायचं. मग ते दबतं, शेजारच्या पोत्याला चिकटून बसतं. गच्च पोती गोट्यांसारखी राहतात आणि मधे फटी पडतात. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं, विटांसारखं. आणि सगळ्यात आधी तळातली वाळू नि गोटे काढून घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जायचं. आम्ही सरळ वाळूवर भिंत बांधली होती.

त्या संध्याकाळी बौद्धिक सत्रात व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान होतं. पाहुण्यांचा फोन आला की गाडी बंद पडली. (देव भलं करो त्या गाडीचं.) आम्ही शाळेच्या वर्गात फळ्यासमोर बसलो आणि भिंत का फसली यावर बोललो. मी भौतिकशास्त्र शिकवते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे सूत्र या पोरांनी कितीदा पाठ करून लिहिलंय, आणि त्यातल्या कितीजणांना मीच मार्क दिलेत! दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, उठून म्हणाली, "मॅडम, म्हणजे तळाला दाब सगळ्यात जास्त. मग आपण वर-खाली सारखीच रुंदी का ठेवली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रुंदी मीच ठरवली होती.

उरलेल्या दोन दिवसांत भिंत उलगडली, तळ साफ केला आणि परत बांधली. खाली रुंद, वर निमुळती, पोत्यांच्या दोन रांगांच्या मधे चिकणमाती तुडवून. उंची आधीपेक्षा हातभर कमी भरली. निरोपाच्या सकाळी पाणी गुडघाभर साचलं होतं. अहवालात मी "बंधारा एक" असंच लिहिलं. दोनदा बांधला हे लिहायला त्या छापील तक्त्यात रकानाच नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला क्रेडिट मिळतात, म्हणजे मूल्यमापन आलं. मी पोरांकडून रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहून घेते: आज काय फसलं, आणि ते कुणी सांगितलं. "सर्व कार्य आनंदात पार पडले" असं लिहिलेली वही मी परत करते. पहिल्या रात्री बऱ्याच वह्या परत जातात.

गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं: पोती उन्हाने फाटतात आणि पावसात वाहून जातात, मग ते प्लास्टिक कुठे जातं? मी आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, "खालच्या गावाला." त्यामुळे यंदा मे महिन्यात, परीक्षा संपल्या संपल्या, पोती गोळा करायला जायचं ठरलंय. तास मिळणार का, असं अकरा जणांनी विचारलं. मिळतील म्हटलं.