पायजमा घालून पोहायचं असतं

मागच्या महिन्यात इथं इंग्लंडमध्ये लेकीच्या दप्तरातून शाळेची एक चिठ्ठी निघाली. गुरुवारी पोहायला येताना धुतलेला पायजमा आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट सोबत द्यावा. थंडीचे दिवस, पोहून झाल्यावर अंगात घालायला मागितला असेल असं समजून मी तिचा सगळ्यात जाड, फ्लॅनेलचा पायजमा दिला.

त्या गुरुवारी मदतनीस पालक म्हणून माझीच पाळी होती. शाळेपासून तरणतलाव पंधरा मिनिटांवर. चौथीची तीस मुलं, दोघादोघांच्या जोड्या, रिमझिम पाऊस. आत गेल्यावर मुलांनी कपडे बदलले आणि पोहायच्या पोशाखावर चक्क पायजमे चढवले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नदीत पडणारा माणूस पोहायचा पोशाख घालून पडत नाही. अंगात जे असतं त्यातच पडतो. म्हणून आज असंच उतरायचं."

आणि मुलं एकेक करून पाण्यात पडली. उडी नव्हे, पडलीच. पाठमोरी, कडेवरून तोल गेल्यासारखी. लेकीच्या पायजम्यात आधी हवा भरली, तो टम्म फुगला, मग पाणी शिरलं आणि कापड जड होऊन पायांना ओढायला लागलं. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण जे आलं ते मी कधी विसरणार नाही. मी उठून उभीच राहिले. तेवढ्यात तिनं हातपाय मारायचं थांबवलं, मान मागे टाकली, कान पाण्यात बुडवले, हनुवटी वर केली, हात पसरले आणि उताणी तरंगत राहिली. श्वास सावरला तसा एक हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडली, "हेल्प!" मला आवरेना. मी कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेले.

मी सांगलीची. कृष्णाकाठची. आणि मला पोहता येत नाही.

दादा सात वर्षांचा असताना काकांनी त्याच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला घाटावर पाण्यात ढकललं होतं. आठवड्याभरात डबा सुटला. पुढे तो मळ्यातल्या विहिरीत मुटके मारायचा, पुराच्या पाण्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांत जाऊन उभा राहायचा आणि घरी येऊन मार खायचा. मी घाटाच्या पायरीवर त्याचे कपडे आणि चपला सांभाळत बसायचे. मला कुणी "नको" असंही म्हटलं नाही. मुलीनं पाण्यात उतरायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मी इथं रात्रभर फोन हातात धरून बसले होते. आईला दुसऱ्या मजल्यावरून बोटीत उतरवलं. ती नंतर सांगत होती, बोटीची कड इतकी घट्ट धरली होती की दोन दिवस बोटं वळत नव्हती. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात बोट उलटली आणि माणसं गेली. सत्तर वर्षं नदीकाठी राहिलेली माझी आई पाण्यात पडली असती तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. ते इथं नऊ वर्षांच्या पोरीला शाळा शिकवते. आता मी का रडले ते तुम्हाला कळेल.

इंग्लंडमध्ये पोहणं हा प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, छंदवर्ग नाही. सहावी संपायच्या आत मुलानं तीन गोष्टी करून दाखवायच्या: न थांबता किमान 25 मीटर पोहणं, वेगवेगळ्या पद्धतींनी हात मारता येणं आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता येणं. पायजमा त्या तिसऱ्या गोष्टीसाठी. आणि सहावीतल्या किती टक्के मुलांना हे जमलं, ते शाळेला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं.

पैशांचाही हिशेब तसाच उघडा. लंडन ऑलिंपिकनंतर, 2013 पासून, इथलं सरकार प्राथमिक शाळांना खेळ आणि शारीरिक शिक्षणासाठी वेगळी रक्कम देतं. सतरा किंवा जास्त मुलं असलेल्या शाळेला 16,000 पौंड आणि वर पहिली ते सहावीच्या प्रत्येक मुलामागे 10 पौंड. आमच्या शाळेत अशी 180 मुलं, म्हणजे वर्षाला 17,800 पौंड. गोड शीतपेयांवर कर बसवायचं ठरलं तेव्हा त्याच्या भरवशावर ही रक्कम दुप्पट झाली. हे पैसे कशावर खर्च झाले ते 31 जुलैपर्यंत शाळेनं मांडायचं. मी तो तक्ता बसून ओळ न् ओळ वाचला. मधल्या सुट्टीतल्या खेळांचं साहित्य, वर्गशिक्षकांना खेळ शिकवायचं प्रशिक्षण, आणि एक ओळ: ज्यांना अजून पोहता येत नाही त्यांच्यासाठी जादा तास.

त्या ओळीत माझी लेक होती. पहिल्या सत्राच्या शेवटी ती 12 मीटरवर थांबली होती आणि घरी पत्र आलं होतं. तेव्हा मला फार लागलं. गणितात, वाचनात पुढे असलेली माझी मुलगी "जमत नाही"च्या यादीत. मी शाळेत जाऊन बाईंना जरा तावातच म्हटलं, आमच्याकडे या वयात कुणी मीटर मोजत नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की पत्रात "जमत नाही" असं कुठंच लिहिलेलं नाही, "अजून जमत नाही" असं लिहिलंय. घरी येऊन पाहिलं. खरंच होतं. जादा तासांनंतर ती 25 मीटर पोहली, आणि मगच पायजम्याची चिठ्ठी आली.

पण इथलं सगळंच सोनं नाही, हेही सांगायला हवं. कित्येक गावांतले तरणतलाव बंद पडलेत, आणि गरीब वस्त्यांतली बरीच मुलं 25 मीटर न पोहताच सहावी ओलांडतात. आमच्या शाळेत मुलांना रोज पंधरा मिनिटं गणवेशातच मैदानाला फेऱ्या मारायला सोडतात. ही डेली माइलची कल्पना 2012 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका शाळेत निघाली, कारण तिथल्या मुख्याध्यापिकांना मुलं फार लवकर दमतात असं दिसलं. चांगलीच आहे. पण लहानपणी सांगलीत आम्हाला त्यासाठी कुणी योजना आखली नव्हती. आम्ही चालत शाळेत जायचो, मधल्या सुट्टीत लंगडी, खो-खो, आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत गल्लीत. सव्वीस जानेवारीच्या लेझमीसाठी महिनाभर पायांचे तुकडे पडायचे. पुलावरून घाटापर्यंत पोहणारी पोरं कुठल्याही निधीशिवाय तयार झाली. आमचे पी.टी.चे सर पन्नास मुलांना एका शिट्टीवर उभं करायचे, त्यांना मी आजही मानते.

फक्त परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जायचा, आणि पाण्याचं शिक्षण ज्याच्या घरात काका असतील त्यालाच, तेही मुलगा असेल तर. हे लिहिताना मला वाईट वाटतंय. "तिकडे राहून काय मिळवलंस?" असं आई मला दरवर्षी विचारते. भाडं, थंडी, सणाला चार टाळकी, याचं उत्तर माझ्याकडे नेहमी नसतं. त्या गुरुवारी होतं. पण ते तिला फोनवर सांगवेना, कारण मला पाण्यात उतरवायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

दादाला मात्र सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पायजमा घालून नक्की कसं करायचं ते नीट सांग. पोरगी आठ वर्षांची झाली. मे महिन्यात विहिरीला पाणी असतं, पावसाळ्याच्या आत व्हायला पाहिजे."

मला सांगता येईना, म्हणून मी लेकीला हाक मारली. तिनं फोन सोफ्याला टेकवला आणि कार्पेटवर उताणी पडली. "मामा, आधी अजिबात हलायचं नाही. कान पाण्यात. हनुवटी वर. आता हात असे." तिकडे सांगलीला दादानं फोन खाली धरला, तर माझी भाची सलवार-कमीज घालून शहाबादी फरशीवर झोपली होती, हात पसरून, हनुवटी वर करून. वहिनी तिच्या डोक्याशी बसली होती. आणि मागून आईचा आवाज आला, "मान अजून मागे घे म्हणतीय ती, नीट ऐक."