आमची वाटचाल : पाच रुपयांचं नाणं आणि एक पुट्टीचा गोळा

आमच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करायच्या शेडमधलं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे पाच रुपयांचं एक नाणं. जुनं, जाड, नऊ ग्रॅमचं. हल्लीची पिवळी हलकी नाणी या कामाला चालत नाहीत. होडी पालथी घातली की मी आधी बुडावर चार-चार बोटांच्या अंतराने नाणं वाजवत जातो. टणटण वाजलं की आतले थर एकमेकांना धरून आहेत. भद्द वाजलं की पापुद्रा सुटलाय, मग वर चीर केसाएवढी का असेना. भद्द आवाजाची हद्द खडूने आखायची. बहुतेक वेळा चीर बोटभर असते आणि खडूचा गोल परातीएवढा निघतो. तो गोल बघून गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं, आणि आमच्या धंद्यातली सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पुतण्या आमचं माहितीपत्रक छापतोय. म्हणाला, "काका, वाटचाल म्हणून दहा ओळी द्या. स्थापना, ध्येय, गुणवत्ता, असं काहीतरी." मी म्हटलं, देतो. पण मला दहा ओळींत काही सांगता येत नाही, आणि काही माणसांबद्दल तर नाहीच येत.

पुण्यात होड्या कुठून आल्या, हे आम्हाला लोक अजून विचारतात. अहो, पुण्याला समुद्र नाही, पण धरणं थोडी आहेत का? खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भाटघर. खडकवासल्याच्या पाण्यात एनडीएच्या, म्हणजे संरक्षण प्रबोधिनीच्या, शिडाच्या होड्या दिसतात. दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, लष्कराचे वल्हवणारे तयार होतात. दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला. त्याचं नाव काढून लोक विचारतात, "मग त्या होड्या तुम्हीच करता का?" नाही. शर्यतीच्या त्या होड्या कार्बन फायबरच्या, ते शास्त्र वेगळं. आम्ही साध्या होड्यांचे वैद्य. तलावातल्या पायडलच्या होड्या, रिसॉर्टच्या मोटरबोटी, मच्छीमारांच्या फायबरच्या नावा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी एकतानगरीत शिरलं, सिंहगड रोडला माणसं होडीतून बाहेर काढताना सगळ्यांनी बघितली. तेव्हापासून हा प्रश्न जरा कमी झालाय.

सुरुवात २००३ ची. मी आणि माझा पार्टनर, दोघं आयटीआयचे. भोसरीत एका वर्कशॉपला बसचे पुढचे दर्शनी भाग आणि बंपर मारायचो. "मारायचो" हाच आमच्यातला शब्द. साच्याला मेण, मग जेलकोट म्हणजे वरचा रंगीत थर, मग मॅट म्हणजे काचतंतूंची चटई आणि तिला धरणारं रेझिन, ब्रशने मारत जायचं, रोलरने हवा काढायची. धायरीत दहा बाय वीसची पत्र्याची शेड घेतली. एक ग्राइंडर, एक भाड्याचा कॉम्प्रेसर, अर्धा ड्रम रेझिन. पहिलं होडीचं काम म्हणजे एका बागेतला पायडलचा हंस. मानेपाशी चिरलेला.

त्या हंसाने मला धंदा शिकवला. मान का चिरते? पोरं फोटो काढताना मानेला लोंबकळतात. चीर एकामागे एक, समांतर रेघांत पडली होती. समांतर रेघा म्हणजे तो भाग रोज वाकतोय. तारेसारख्या पसरलेल्या चिरा असतील तर कशाचा तरी ठोका बसलाय. पार्टनर म्हणाला, रेघा खरवडू, पुट्टी भरू, रंग मारू, संध्याकाळपर्यंत देऊन टाकू. मी मान खालून कापली, आत दोन बोटं रुंद बरगड्या बसवल्या, वरून मॅट मारली. चार दिवस गेले. पैसे एका दिवसाचेच मिळाले.

पार्टनरचा हात मात्र सोन्याचा, हे कबूल करतो. जेलकोटचा रंग असा जुळवायचा की डाग उन्हात धरला तरी सापडायचा नाही. पॉलिश पेपर ४०० पासून १२०० पर्यंत पाण्यात चालवत न्यायचा, मग कंपाउंड. मला आजही तसं जमत नाही. पण त्याचं एक वाक्य ठरलेलं : "गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही." आणि माझं ठरलेलं : "पाण्याला दिसतं." सहा वर्षं आम्ही या दोन वाक्यांवर भांडलो.

२००९ च्या दिवाळीनंतर तो वेगळा झाला. लांब गेला असता तर काही नव्हतं. त्याने आमच्यापासून तिसरी शेड घेतली. जाताना चांगला रोलरचा सेट नेला, कारागिरांतला एक पोरगा नेला आणि चौदा पायडल होड्यांचं आमचं मोठं गिऱ्हाईक नेलं. माझा भाव ज्या कामाला आठ दिवस आणि आठ हजार, तेच तो दोन दिवसांत चार हजारांत करून द्यायचा. ब्लेडच्या टोकाने चीर उघडायची, पुट्टी दाबायची, स्प्रे मारायचा. होडी अशी चकाकायची की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. माझ्या होड्या त्याच्यापुढे गावाकडून आल्यासारख्या दिसायच्या. येणारं-जाणारं गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे चहा प्यायचं, मग माझ्याकडे येऊन भाव पाडून मागायचं.

काही महिन्यांतच मी संडासाचे फायबरचे दरवाजे आणि गणपतीच्या मखराचे खांब करायला लागलो. आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये मी त्याच्यासारखं वागून बघितलं.

एका रिसॉर्टची मोटरबोट होती. मागच्या फळीपाशी, जिथे इंजिन अडकवतात तिथे, चीर. त्यांना पंधरा ऑगस्टच्या सुट्टीआधी हवी होती. बाहेर पाऊस धो धो, शेडला गळती, होडी ताडपत्रीखाली. मला माहीत होतं, त्या फळीच्या आत प्लायवूड असतं आणि चिरेतून पाणी आत जाऊन ते भिजलेलं असणार. नाणं वाजवलंच नाही. काय ऐकू येणार ते ठाऊक होतं म्हणून वाजवलं नाही, खरं सांगतो. वरवर घासलं, हेअर ड्रायर फिरवला, तीन थर मारले, रंग दिला आणि २८ हजार घेतले.

ऑक्टोबरात बोट परत आली. त्यांचा मॅनेजर आमच्या नाक्यावरच्या चहावाल्यापाशी उभा राहिला. पंधरा-वीस माणसं होती, पार्टनरही ग्लास हातात धरून होता. मॅनेजरने पॅचच्या कडेला नख घातलं आणि पुरणपोळी तव्यावरून उचलावी तसा तो अख्खा पॅच हातात काढला. खालून काळपट पाणी गळलं. तो पॅच त्याने माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. २८ हजार मी तीन हप्त्यांत परत केले. उरलेल्या दोन पोरांपैकी एक गेला, शेडचं भाडं पाच महिने थकलं, बायकोने गावाकडे भावाला फोन करून दुकान विकायचं काय येईल ते विचारलं. नाक्यावर मला "पॅचवाले" म्हणायला लागले. हे नाव कुणी पाडलं ते मला पक्कं माहीत आहे.

त्याच थंडीत तात्या आले. भिगवणच्या बाजूचे, उजनीच्या पाण्यावर मासे धरणारे. डिसेंबरापासून रोहित पक्षी बघायला लोक येतात, त्यांना होडीतून फिरवायचे. होडी टेम्पोत टाकून शंभर किलोमीटर आले होते. बूड एका जागी दगडावर बसून हातभर चिरलेलं. नाक्यावर चहा पिताना त्यांना माझी सगळी कथा कळलीच होती. आल्या आल्या म्हणाले, "मालक, तुमचा तो पॅच का सुटला?"

मी सांगितलं, ओलं होतं, तसंच मारलं.

"मग माझी वाळवून करा," म्हणाले, आणि होडी ठेवून एसटीने निघून गेले. ऐन हंगामात तीन आठवडे होडी माझ्याकडे पडून होती. एकदाही फोन केला नाही.

ती होडी मी कशी केली ते सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग ग्राइंडर. उलटं केलं की जुनं पॉलिश आणि मेण घासून खोबणीत जातं, मग वरचं काहीच धरत नाही. चीर नुसती उघडायची नाही, दोन्ही बाजूंना उतार काढायचा, जाडीच्या बारापट. पाच मिलिमीटरचं बूड असेल तर प्रत्येक बाजूला साठ मिलिमीटर. इथेच सगळे कंजुषी करतात, कारण एवढीशी चीर आणि एवढा मोठा खड्डा बघून जीव जातो. मग वाळवण. खड्ड्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचं आणि होडी उन्हात ठेवायची. दुपारी प्लॅस्टिकला आतून दवाचे थेंब दिसले की काम बंद. तात्यांच्या होडीला अकरा दिवस थेंब येत होते. बाराव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडं निघालं, तेव्हा मी पहिल्यांदा रेझिनचा डबा उघडला.

पहिला थर मॅटचाच, ४५० ग्रॅमची, रोव्हिंगचा म्हणजे काचेच्या विणलेल्या जाड कापडाचा नाही. मॅटचा एक थर साधारण मिलिमीटरभर चढतो, त्या हिशेबाने थर मोजायचे. मोठा तुकडा आधी की लहान आधी, यावर आमच्यात दोन पंथ आहेत. मी मोठा आधीवाला. सगळ्या उताराला एक सलग थर धरतो, आणि शेवटी घासताना तो कापला जात नाही. रेझिन घट्ट करणारं हार्डनर एप्रिलच्या उन्हात किलोला दहा मिली पुरे, जास्त घातलं तर डब्यातच चहासारखं वाफाळतं. थंडीत वीसपर्यंत न्यायचं. आणि कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते, आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, एका फळीवर शेजारीशेजारीसुद्धा ठेवायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, मगच हार्डनर. थेट एकत्र आले की भडका उडतो, मी उडालेला बघितलाय. मास्क लावा. काम झाल्यावर आंघोळ गार पाण्याने, गरम पाण्याने नाही, नाहीतर काच अंगात शिरून रात्रभर खाजवत बसाल.

तात्यांनी होडी नेताना खिशातून नाणं काढून स्वतः बूड वाजवलं. माझं बघून शिकले होते. ऐकलं, मान हलवली, पैसे मोजले. पुढच्या थंडीत त्यांच्या पाठोपाठ पाण्यावरच्या नऊ होड्या आल्या. उन्हाळ्यात उजनी फार खाली गेली की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, त्याबरोबर जुन्या घरांचे दगडही वर येतात आणि होड्यांची बुडं फुटतात. बाकीचे पाऊस कधी येतो बघतात, मी पेपरात त्या देवळाचा फोटो कधी येतो बघतो. फोटो आला की मॅटचे दोन रोल जास्त मागवतो.

पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली. शेड मोठी झाली, कोविडमध्ये बोटिंग बंद म्हणून टाक्यांचं अस्तर केलं, पुतण्या आला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पार्टनरने नेलेल्या चौदा होड्यांपैकी सहा पुढे माझ्याकडे आल्या. एकीच्या बुडावर त्याने वर्षानुवर्षं पुट्टीवर पुट्टी भरलेली. मी छिन्नी मारली तर एका तुकड्यात गोळा निघाला, वीट असावी तेवढा. कापलेल्या बाजूने रंगाच्या पाच रेघा मोजता येतात, प्रत्येक हंगामाची एक. तो मी टेबलावर बिलं दाबायला ठेवलाय.

मागच्या वर्षी पुतण्याच्या साखरपुड्याचं निमंत्रण द्यायचं म्हणून पार्टनरला शेडवर बोलावलं. तो आता फायबरचे पुतळे करतो, होड्या सोडल्या. खुर्चीवर बसला, तो गोळा उचलला, उलटापालटा केला, वरच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"कुणाचं काम रे हे?"

मी पत्रिकेवर त्याचं नाव लिहीत होतो. म्हटलं, असंच आलेलं आहे एका होडीतून.

"फिनिशिंग मात्र झकास आहे," म्हणाला, आणि गोळा परत बिलांवर ठेवला.