ड्रमसेटवरचा ग्वाग्वांको

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो, त्यामुळे माझ्या ड्रमच्या सरावाची तक्रार सहसा कोणी करत नाही. सध्या हा सराव ग्वाग्वांको या क्युबन रुंबा प्रकाराचा आहे. मुळात त्यात खर्जाचा तुंबा, मधला त्रेस-दोस आणि मुक्तपणे बोलणारा किंतो हे तीन काँगा म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, क्लावेच्या दोन काठ्या आणि लाकडावर वाजणारा काता अशी अनेक वादकांची कामे असतात. ती एकट्याने हातापायांत वाटून घेताना काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. मी काता उजव्या हाताने फ्लोअर टॉमच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ढोलाच्या, लाकडी अंगावर वाजवतो, तुंबा व त्रेस-दोस यांचे सवाल-जवाब डाव्या हाताने दोन टॉमवर घेतो आणि डाव्या पायाच्या पेडलने वुडब्लॉकवर, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर, रुंबा क्लावे म्हणजे क्लावेचा सतत फिरणारा ठेका चालू ठेवतो. किंतो सोडूनच देतो. पायाने वाजणारा मोठा बास ड्रम विरळ हवा. तो भरून टाकला की चाल जड होते, आणि पुष्कळ जण नेमके तेच करतात. बाता ढोलांच्या, म्हणजे तीन दुतोंडी वाद्यांच्या, वाटेला मी अजून गेलेलो नाही, कारण त्यांतल्या इया आणि इतोतेले या दोन ढोलांमधला संवाद एका वादकाच्या हातांत मावेल याची मला शंकाच आहे.