त्या आयांना कळत नव्हतं का?

माझ्याकडच्या जुन्या काचेच्या वस्तू बघायला येणारी माणसं औषधांच्या बाटल्या, डोळे धुवायचे छोटे पेले, काचेच्या सिरिंजा कौतुकानं बघतात आणि एका दूधबाटलीपाशी अडतात. तिचं 'मारेकरी बाटली' हे टोपणनाव पुष्कळांनी वाचलेलं असतं. मग हमखास प्रश्न येतो, "अहो, पण त्या आयांना कळत नव्हतं का?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

बाटली राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमधली. चपटी, हिरवट झाक असलेली, काचेत बारीक बुडबुडे अडकलेले. तोंडाला बूच, त्या बुचातून काचेची बारीक नळी थेट तळाला टेकलेली. बाहेरच्या टोकाला लांब रबरी नळी, तिच्या शेवटी निपल, आणि निपल घशात जाऊ नये म्हणून मागे हाडाची गोल चकती. बाटली पाळण्यात बाळाच्या कुशीशी ठेवायची आणि बाळानं आपलं आपण ओढून प्यायचं. कुणी हातात धरून बसायला नको.

आता ही धुवायची कशी? बाटलीचं पोट विसळता येतं. रबरी नळीत बोटही शिरत नाही, आणि आत काय साठलंय ते दिसतही नाही. दुधाचा थर आत धरायचा, उबेला नासायचा आणि पुढचं ताजं दूध त्याच्यातूनच बाळाच्या पोटात जायचं. मुळात शहरातलं दूधही भरवशाचं नसे. उन्हाळा आला की तान्ह्या मुलांना हगवण लागायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजारातली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. सगळी काही बाटलीनं गेली नाहीत, पण बाटलीवरची बाळं अंगावर पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दगावत.

आता त्या आईकडे बघा. लँकेशरच्या कापडगिरणीत काम करणारी. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, असा कायदा १८९१ साली झाला. त्या चार आठवड्यांच्या पगाराची सोय मात्र त्यात नव्हती. महिना भरला की ती पुन्हा यंत्रापाशी, आणि बाळ आजीकडे, शेजारणीकडे नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. बाळ एकटं पडून पिऊ शकेल अशी बाटली तिला किती मोठा आधार वाटली असेल! एका बाटलीचं नाव तर 'अलेक्झांड्रा', थेट युवराज्ञीचं. आणि शिकलेल्या घरांत तरी काय वेगळं होतं? इझाबेला बीटन यांचं घर कसं चालवावं हे सांगणारं पुस्तक १८६१ साली आलं, घरोघरी वाचलं गेलं. दूधबाटलीचं निपल नवीन बसवेपर्यंत काढायची गरज नाही आणि ते पंधरवड्यातून एकदा बदललं तरी पुरे, असा सल्ला त्यात आहे. त्या वेळी जंतूंचं शास्त्र नुकतं कुठे डोळे उघडत होतं. बाळांच्या आतड्यातल्या जंतूंवर थिओडोर एशेरिख यांचं काम प्रसिद्ध झालं ते १८८५-८६ मध्ये. म्हणजे छापील पुस्तक जे सांगत होतं, तेच ती करत होती.

माझा राग आहे तो पुढच्या वर्षांवर. जंतू माहीत झाले, डॉक्टर या नळीविरुद्ध बोलत होते, तरी विक्री चालूच राहिली. फ्रान्सनं १९१० साली लांब नळीच्या बाटल्यांवर कायद्यानं बंदी घातली. इंग्लंडमध्ये त्या त्यानंतरही विकल्या जात होत्या. जाब विचारायचा तर बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना विचारा.

काचेला मात्र दोष देऊ नका. १९००च्या सुमारास अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीची होडीच्या आकाराची बाटली आली. दोन्ही टोकांना उघडी, एकीकडे निपल, दुसरीकडे हवेसाठी झडप. दोन्ही काढा, नळाखाली धरा, पाणी आरपार जातं. काचही तीच आणि दूधही तेच, फक्त नळी गेली.

शेजारी ठेवलेली काचेची सिरिंज मी मुद्दाम उघडून दाखवते. दट्ट्या पूर्ण बाहेर निघतो. दोन्ही भागांवर एकच आकडा असतो, कारण प्रत्येक दट्ट्या त्याच्याच नळीसाठी घासून बसवलेला. दुसरीत घातला तर एकतर अडकतो नाहीतर गळतो. सुटे करून उकळता येतात, म्हणून आपल्याकडच्या दवाखान्यांत त्या इतकी वर्षं चालल्या. स्टीलच्या डब्यात खदखदणाऱ्या सिरिंजा पन्नाशीपुढच्या कुणालाही आठवतील.

आणि आपलं बोंडलं! चांदीचं असो की पितळेचं, वरून उघडं, चोच आखूड, घासलं की लख्ख. वापरताना बाळाला मांडीवर घ्यावंच लागतं, एवढीच त्याची अट. अशी मोकळी मांडी गिरणीतल्या त्या बाईला कुणी दिली नाही.

काहीजण पुढे विचारतात, काच चांगली तर जुनी बाटली घरच्या बाळासाठी वापरावी का? नाही. तान्ह्याला आईचं दूध. ते अंगावर पाजता येत नसेल तर काढून वाटी-चमच्यानं, डॉक्टरांना विचारून. तुमच्या घरी माळ्यावर अशी बाटली निघालीच, तर बुचातली काचेची नळी सांभाळून काढा, ती पटकन मोडते. रबरी नळी बहुधा कडक होऊन तुकडे झालेली असेल, तरी फेकू नका, मला दाखवा.