दुर्मीळ कर्करोगाची औषधचाचणी: पहिल्या डोसच्या आधीचं काम

दोन इम्युनोथेरपी औषधं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारी) एकत्र देण्याच्या चाचणीत आम्हा समन्वयकांची खरी कसोटी पहिल्या डोसच्या आधीच लागते. वर्षाला लाखात सहांहून कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मीळ धरतात. तुलनेसाठी दुसरा गट उभा करायला तेवढे रुग्णच नसतात, त्यामुळे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या बेसलाइनशी, म्हणजे औषधाआधीच्या स्थितीशी होते.

अमेरिकेत २०१७ साली सुरू झालेल्या डार्ट या अशाच चाचणीत दोन औषधं होती: निव्होलुमॅब २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी आणि इपिलिमुमॅब किलोमागे १ मिलिग्रॅम दर सहा आठवड्यांनी द्यायचे. कर्करोगाच्या प्रत्येक प्रकारचे आधी सहाच रुग्ण. त्यांतल्या एकाला तरी गुण आला, तरच आणखी दहा. म्हणजे एकाचं मोजमाप चुकलं तर त्या प्रकारच्या सगळ्यांचीच वाट बंद होऊ शकते. म्हणून स्कॅनच्या बाबतीत मी कुणाची घाई ऐकत नाही.

पहिला सीटी स्कॅन औषधाआधीच्या चार आठवड्यांतलाच हवा. मोजायची गाठ किमान १० मिलिमीटरची. लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असेल तर तिची रुंदी किमान १५. मोजायच्या जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवातल्या दोनच. रेडिएशन दिलेली गाठ शक्यतो घेऊ नये, आक्रसली तर ती कशामुळे हे सांगता येत नाही. समजा गाठी ४१, २७ आणि १६ मिलिमीटरच्या आहेत. बेरीज ८४. गुण आला म्हणायला ३० टक्के घट लागते, म्हणजे बेरीज ५८ पर्यंत उतरली पाहिजे. पुढचा स्कॅन वेगळ्या मशीनवर, वेगळ्या जाडीच्या कापांनी काढला तर औषधाने काही न करताही दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होतात.

रक्तात थायरॉइड, कॉर्टिसॉल (एक संप्रेरक) आणि लिव्हरचे आकडेही आधीच घेऊन ठेवायचे, म्हणजे पुढे बदल झाला तर तुलना करता येते.

आणि एक प्रश्न, जो विचारायचा राहूनच जातो: एरवी दिवसातून किती वेळा शौचाला जाता? या औषधांनी आतड्याला सूज येऊ शकते, आणि तिची तीव्रता मुख्यतः नेहमीपेक्षा किती वेळा जास्त यावरून ठरते. चार ते सहा वेळा जास्त म्हणजे दुसरी श्रेणी, सात किंवा अधिक म्हणजे तिसरी. तिसऱ्या श्रेणीत औषध थांबवून स्टेरॉइड सुरू करतात आणि ते चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवतात. लाजेपोटी रुग्ण घरीच जुलाब थांबवायची गोळी घेतात, त्यात सूज झाकली जाते आणि आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून हा आकडा मी पहिल्याच भेटीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, लिहून घेते.