बिग ब्लाइंडवरून चेक-रेज

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात बिग ब्लाइंडला (पानं मिळण्याआधीच मोठी सक्तीची रक्कम लावणारा खेळाडू) फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर, बटणच्या (वाटणाऱ्याच्या जागेवरचा, शेवटी बोलणारा खेळाडू) आधी बोलावं लागतं. त्यामुळे पॉट (मधे जमलेली रक्कम) किती वाढवायचा हे बहुतेक वेळा बटणच ठरवतो. नुसतं चेक-कॉल करत राहिलात, म्हणजे काही न लावता थांबायचं आणि त्याने लावलं की तेवढंच भरायचं, तर हे असंच चालू राहतं. त्यावर उपाय चेक-रेज: आधी चेक, आणि त्याने लावलं की त्याहून वाढवायचं.

ब्लाइंड्स (सक्तीच्या रकमा) ५०/१००, दोघांकडे १०,०००. बटण २५०चा रेज करतो, तुम्ही कॉल करता, स्मॉल ब्लाइंडचे सोडून दिलेले ५० धरून पॉट ५५०. फ्लॉप: इस्पिक अठ्ठी, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. तुम्ही चेक, तो १८०. तुमच्या हातात बदामची दश्शी-नव्वी. इथे रेज करून ७०० करा. ७३० जिंकायला ७०० लावताय, म्हणजे त्याने साधारण ४९ टक्के वेळा डाव सोडला की काहीही न लागता हिशोब जुळतो. कॉल केलाच, तरी चार छक्क्या आणि चार गुलाम तुमचे आहेत; त्यातलं एक आलं की सलग पाच पानं होतात.

३६० करणं मात्र चूकच. त्याला १,०९०च्या पॉटसाठी फक्त १८० भरावे लागतात. १४ टक्के संधी पुरते, मग तो कशाला सोडेल?

याच फ्लॉपवर हातात एक्का-सत्ती असेल तर रेज करू नका. कमजोर हात पळतात, वरचढ तेवढे थांबतात. तिथे कॉलच बरा.

कॉल आला तर पॉट १,९५०. टर्नला (चौथं उघडं पान) छक्की किंवा गुलाम आला तर १,३०० लावा. एक्का आला तर तो बटणकडे असण्याची शक्यता जास्त, तेव्हा बरेचसे ब्लफ तिथेच थांबवा. राजा-सत्ती-दुर्रीसारख्या कोरड्या (पानं एकमेकांशी न जुळणाऱ्या) फ्लॉपवर तर हे रेज मुळातच कमी करावेत. राजासोबत दुसरंही मोठं पान असलेले हात त्याच्याकडेच जास्त असतात.